वावर असणं, वावरात असणं

गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पुण्याहून फोन आला. सातवी-आठवीला तो माझ्या वर्गात होता. आता इंजिनिअर झालाय, आणि नुकताच ज्या कंपनीत लागला तिची मुख्य कचेरी लंडनला आहे.

"मॅडम, एक फॉर्म भरून रायलो होतो. एका प्रश्नावर अटकलो पाहा."

प्रश्न असा होता: तुम्ही साधारण १४ वर्षांचे होता तेव्हा तुमच्या घरात सर्वांत जास्त कमावणारी व्यक्ती कोणतं काम करत होती? खाली आठ-नऊ पर्याय. तो एकेक वाचत गेला आणि मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेत गेले. शिक्षक, डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांचा एक गट. मोठ्या साहेबांचा एक. कारकुनांचा एक. फिटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा हातात कसब असलेल्यांचा एक. मग पोस्टमन, मशीन चालवणारे, चौकीदार आणि शेतावर राबणारे मजूर. मग ट्रक ड्रायव्हर, झाडलोट करणारे, हमाल, बिगारी. मग छोट्या धंद्यांचे मालक, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, गॅरेज, स्वतःची टॅक्सी. मग बेरोजगार.

"यात शेतकरी कुठं आहे?" मी विचारलं.

"तेच तं म्हणतो मॅडम. बाबाचं तीन एकर वावर होतं. मंग दुकानवाल्यात टाकू का? का पहिले सालानं राहत होते म्हणून मजुरात टाकू? अन्..." तो थांबला. "अन् सर्वांत जास्त कमावणारं कोण होतं आमच्या घरी, हेच मले समजून नाही रायलं."

मी म्हटलं, संध्याकाळी फोन कर. आपण हिशोब मांडू.

हा प्रश्न त्यानं मला विचारला, कारण हा रकाना मी त्याच्यासमोरच भरलेला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी २००६ पासून शिकवते आहे. दर जूनला प्रवेशाचे अर्ज बहुधा मीच भरते, कारण आया "तुमीच लिवा जी मॅडम" म्हणून पेन माझ्याकडे सरकवतात. अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो, दोन बोटं रुंद. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत त्या दोन बोटांच्या जागेत मी आजवर तीनच शब्द लिहिले. शेती, मजुरी आणि अगदी क्वचित नोकरी. नोकरी म्हणजे एसटीतला कंडक्टर, नाहीतर कोतवाल. शब्द लिहून मी पुढच्या रकान्याकडे वळते. मागे पन्नास आया उभ्या असतात, आणि त्यांना निंदणाला जायचं असतं.

माझ्या स्वतःच्या नावापुढे काय लिहिलंय हे मी फार उशिरा पाहिलं. जात पडताळणीसाठी दाखला काढायला मी माझ्या गावच्या शाळेत गेले होते. गुरुजींनी कपाटातून जुनं दाखलखारीज रजिस्टर काढलं. पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. १९८८ च्या पानावर माझं नाव होतं, बाबांचं नाव होतं, आणि पुढे धंद्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात 'शेती'.

१९८८ साली आमच्याकडे वीतभरही जमीन नव्हती. बाबा गावातल्या एका मोठ्या कास्तकाराकडे सालगडी होते. ज्यांना हा शब्द नुसता ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. गुढीपाडव्याला साल ठरायचं. वर्षाचे इतके रुपये, इतकी ज्वारी, एक धोतरजोडा, एक घोंगडी. तो दिवस उगवला की पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्या घरचा. पहाटे बैलांचं वैरणपाणी, शेणाची पाटी, मग वखर, डवरा, पेरणी, रात्री जागल. आजारी पडलं तर बदली माणूस द्यायचा, नाहीतर खाडे धरले जायचे. साल सुटलं आणि उचल फिटली नसेल तर पुढचं सालही तिथंच.

रजिस्टर पाहून मी घरी गेले. बाबा ओसरीवर बसले होते. मी विचारलं, "गुरुजींना तुम्ही शेती म्हणून कसं सांगितलं? आपल्याला वावर कुठं होतं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणाले, "मंग काय करत होतो मी? पेरत कोण होतं, डवरत कोण होतं? वावर नोतं, पण वावरात तं होतो ना मी."

या रकान्याबद्दल मी नंतर बरंच वाचलं, ऐकलं, पण तो रकाना इतका स्वच्छ उघडून दाखवणारं दुसरं वाक्य मला सापडलं नाही. आमच्याकडे ज्याच्या नावावर सातबारा तो कास्तकार. बाबांनी स्वतःला कास्तकार कधीच म्हटलं नाही. ती रेघ त्यांना पक्की माहीत होती. पण शेती हा शब्द त्यांनी सोडला नाही, आणि का सोडावा? १९९७ साली त्यांनी दोन एकर वावर घेतलं तेव्हा रजिस्टरात बदलण्यासारखं काहीच नव्हतं. आमचं सगळं जगणं बदललं होतं आणि शब्द तोच होता.

कोणाच्या नावापुढे मजुरी येणार आणि कोणाच्या पुढे शेती, हे आमच्याकडे पोर कोणत्या मोहल्ल्यातून आलं यावरून शिक्षकाला न विचारता कळतं. गावाच्या कोणत्या बाजूला जमीन पिढ्यान्पिढ्या राहिली आणि कोणत्या बाजूला कधी आलीच नाही, ते काही योगायोगानं झालेलं नाही. फॉर्ममध्ये जातीचा रकाना वेगळा असतो आणि व्यवसायाचा वेगळा. गावात ते दोन रकाने एकमेकांना चिकटूनच असतात.

माझी पहिली नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात झाली, शिक्षणसेवक म्हणून, महिना ३,००० रुपये मानधनावर. घरापासून दीड दिवसाचा रस्ता, आणि पाऊस असा की आमच्याकडचा पावसाळा मला पाऊसच वाटेना. पहिल्याच आठवड्यात मी तिथलं रजिस्टर उघडलं आणि चकित झाले. ओळीनं सगळीकडे 'नोकरी, मुंबई'. नोकरी, मुंबई. नोकरी, मुंबई. मी जिथून आले तिथं नोकरी हा शब्द उच्चारताना माणसं आवाज खाली आणत. मला वाटलं, ही तर सगळी साहेबांची पोरं.

गणपतीला ते वडील आले. एक दादरच्या एका इमारतीत लिफ्ट चालवत होता. एक कॅन्टीनमध्ये, एक रात्रपाळीचा वॉचमन, एक कुरियरच्या पिशव्या पोचवणारा. एका मुलाचे आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ती कायमची नोकरी गेली आणि मुलाच्या वडिलांनी पुढे मिळेल ते काम धरलं. रजिस्टरात आजोबांपुढेही नोकरी होतं आणि वडिलांपुढेही नोकरी. पाच-सहा जण एका खोलीत राहून हे लोक घरी पैसे पाठवत होते. आणि घरी भाताची लावणी, काढणी, गुरं, काजू, म्हातारी माणसं हे सगळं ज्यांच्या अंगावर होतं त्या आयांचा व्यवसाय विचारणारा रकानाच नव्हता. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या. वर्गात पालकसभा घेतली की हा आकडा समोर पदर खोचून बसलेला दिसायचा.

त्याच जनगणनेत मी प्रगणक होते. फेब्रुवारीच्या उन्हात वाड्या पालथ्या घालत होते. काम करणारा माणूस कोणाला म्हणायचं याची व्याख्या पक्की होती. वर्षात सहा महिने, म्हणजे १८३ दिवस काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी तर सीमान्त. कामाचे प्रकार चार: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. बायकांच्या कामाबद्दल नीट खोदून विचारा, असं प्रशिक्षणात बजावून सांगितलेलं. मी विचारायची, "तुम्ही काय काम करता?" उत्तर ठरलेलं, "काय नाय, घरीच." मग मी विचारायची, लावणी कोण करतं? "मीच." भारे कोण आणतं? "मीच की." किती दिवस? इथं ती बाई हसायची. दिवस कोण मोजतं? एका घरी सासूनं मला थांबवून सांगितलं, "बाई, घरधनी मुंबईस असतात, तेंचाच लिवा." मी दोघांचंही लिहिलं. पण दुपारचे दोन वाजले होते, अजून वीस घरं राहिली होती, आणि सगळ्या घरी मी तितकं खोदलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. देशाच्या आकड्यात माझी ती थकलेली दुपारही आहे. आता २०२७ च्या जनगणनेचं काम येऊ घातलंय. या वेळी चहा घ्यायला कमी बसेन, पण दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय उठणार नाही असं ठरवलंय.

त्या २०११ च्या गणतीतून जे बाहेर आलं ते आमच्या घराच्या अगदी उलट दिशेचं होतं. बाबा सालगडी होते ते दोन एकरांचे कास्तकार झाले. देशात मात्र २००१ ते २०११ या दहा वर्षांत शेतकरी म्हणून नोंदवलेली माणसं १२.७३ कोटींवरून ११.८८ कोटींवर आली आणि शेतमजूर १०.६८ कोटींवरून १४.४३ कोटींवर गेले. मजूर मालकांपेक्षा जास्त झाले. वावर असलेले घटले, वावरात असलेले वाढले.

रत्नागिरीत आमच्या केंद्रात आम्ही सगळे परजिल्ह्यातले शिक्षक एका भाड्याच्या घरात जेवायला जमायचो. बीडचे एक सर होते, कोल्हापूरच्या एक मॅडम होत्या. आमच्या गप्पा फिरून फिरून गावाकडच्या पोरांवरच यायच्या. त्या घरात मला कळलं की शेती आणि मजुरी हे शब्द आम्ही तिघं तीन वेगळ्या अर्थांनी वापरतोय.

कोल्हापूरच्या मॅडमच्या घरीही शेती. नदीचं पाणी, ऊस, गोठ्यात चार म्हशी. दुधाचं बिल दर दहा दिवसाला जमा. उसाचं बिल कारखान्याकडून. घरात कोणी ना कोणी सोसायटीत, कोणी संचालकाच्या ओळखीचं. त्यांच्या तोंडी शेतकरी हा शब्द यायचा तेव्हा त्याची मान ताठ असायची. बीडचे सर सांगायचे, त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीच्या आसपास नाहीशी होतात. आईबाप ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. टनावर पैसे, आणि ते दोघांचे मिळून. रजिस्टरात बापाच्या नावापुढे मजुरी. तिथं तर बाईचं काम नुसतं लपलेलं नाही, मापातच ती अर्धी धरलेली आहे. आणि तो ऊस कोणाचा? कोल्हापूरच्या मॅडम एकदम गप्प झाल्या होत्या त्या रात्री. वाढायचं काम त्यांनी चालू ठेवलं.

तेव्हापासून मी पालकाचा व्यवसाय शब्दावरून समजून घेत नाही. पैसा घरात कधी येतो, यावरून समजून घेते. पगारवाल्याच्या घरी एक तारखेला येतो. दूधवाल्याच्या घरी दहा दिवसाला. आमच्याकडे रोजीचे पैसे बाजाराच्या दिवशी मिळतात आणि आमचा बाजार मंगळवारी. पोरगी शुक्रवारी म्हणाली की "मॅडम, वही संपली", तर मला माहीत असतं की नवी वही बुधवारी येणार. मी तिला चार दिवस पाठकोरे कागद देते. ज्याच्या घरी कापूस, त्याच्याकडे पैसा वर्षातून एकदाच दिसतो. सीतादही, म्हणजे वावरातली पूजा, करून पहिली वेचणी होते, दिवाळीनंतर गाडी जाते, आणि मग चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. १९७२ साली कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हापासून चुकारा हा शब्द आमच्या घराघरांत बसला. ती खरेदी गेली, तो शब्द राहिला. सहलीचे पैसे डिसेंबरच्या शेवटी मागितले तर कापूसवाल्यांची पोरं देतात, ऑगस्टमध्ये मागितले तर कोणीच देत नाही. आणि सालगड्याच्या घरी? आमच्या कणगीतली ज्वारी कधी संपली नाही. पण रोकड पैसा घरात नसायचाच. मी सातवीपर्यंत एकाही सहलीला गेले नाही, आणि उपाशीही एकही दिवस राहिले नाही.

२०१२ साली आंतरजिल्हा बदली मिळून मी परत आले. विदर्भाबाहेर सहा वर्षं राहिल्यावर विदर्भही एक वाटेनासा झाला. वणीकडच्या शाळेत गेलं तर बाप कोळसा खाणीत: एक कायमचा, क्वार्टरात राहणारा, त्याच्याच बाजूला ठेकेदाराचा माणूस, काम तेच, जगणं वेगळं. भंडारा-गोंदियाकडे धान, तलाव, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता. पाण्याची शेती असूनही बांधीवाल्यापेक्षा, म्हणजे धानाच्या वावराच्या मालकापेक्षा, रोवणीवाल्या बाया जास्त. गडचिरोलीत मोहफुलांच्या दिवसांत वर्ग रिकामा होतो आणि त्यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही. या सगळ्यांच्या रकान्यात मी म्हटले तेच तीन शब्द.

देशभर पाहिलं तर हा एकच शब्द किती ताणला जातो ते कळतं. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेतकऱ्याकडे सरासरी १.०८ हेक्टर जमीन निघाली, पंजाबात ३.६२, बिहारात ०.३९, केरळात ०.१८. २०१८-१९ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं शेतकरी कुटुंबांची मिळकत मोजली. पंजाबात महिन्याला सरासरी २६,७०१ रुपये, झारखंडात ४,८९५. दोघंही शेतकरी. आणि संपूर्ण देशाची सरासरी १०,२१८ होती तिच्यात पिकातून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. शेतकरी म्हणून मोजलेल्या घरांत पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येत होता. त्याच्या सहा वर्षं आधी, २०१२-१३ मध्ये, हे उलट होतं. पीक ३,०८१ आणि मजुरी २,०७१.

मजुरीला घरातलं कोण जात असेल, हे मला कोणत्याही सर्वेक्षणानं सांगायची गरज नाही. सकाळी आठ वाजता मी शाळेच्या फाटकाशी उभी असते तेव्हा ऑटो भरभरून बाया जातात. पण आकडा आहे तर सांगते: २०२३-२४ मध्ये देशात काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांपैकी ७६.९ टक्के शेतीत होत्या, पुरुषांपैकी ४९.४ टक्के. शेतीतून पुरुष हळूहळू निघतोय, बाई आहे तिथंच आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं असा निर्णय झाला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. ती मुलं २०३० च्या सुमाराला माझ्यासमोर येतील तेव्हा आईचं नाव मी मोठ्या अक्षरात लिहीन. तिच्या कामासाठी जागा असेल का, ते अर्ज छापणाऱ्याच्या हातात आहे.

संध्याकाळी त्या विद्यार्थ्याचा फोन आला. तोपर्यंत मी त्या लंडनवाल्यांच्या प्रश्नाबद्दल थोडं वाचून ठेवलं होतं. ब्रिटनमध्ये आईबापांच्या कामावरून माणसाची मूळ पार्श्वभूमी ठरवतात. तिथल्या सोशल मोबिलिटी कमिशननं कंपन्यांना ताडून पाहायला प्रमाण दिलंय, की देशातल्या काम करणाऱ्यांपैकी साधारण ३७ टक्के बुद्धिजीवी पेशातल्या घरांतून, २४ टक्के मधल्या थरातून आणि ३९ टक्के कामगारवर्गातून आलेले आहेत. आपल्या कंपनीत हे प्रमाण किती भलतीकडे आहे, ते कळावं म्हणून विचारतात. मला हे आवडलं. आमच्याकडे रकाना भरून घेतात आणि कपाटात ठेवतात. तिथं निदान कोणी बेरीज करून पाहतं.

"चला," मी म्हटलं. "२०१४-१५ साल. तू १४ वर्षांचा."

ते वर्ष त्याला आठवत होतं. पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,०५० रुपये होता. यांचा कापूस गावात आलेल्या व्यापाऱ्यानं त्याहूनही कमीनं नेला. तीन एकरांत आठ क्विंटल. म्हणजे तीस हजारांच्या आसपास. त्यातून कृषी केंद्राची उधारी, बियाणं, खत, दोन फवारण्या, बैलजोडीचं भाडं. "हाती काय राहिलं?" तो म्हणाला, "बाबा म्हणत होते, चार-पाच हजार." साल? साल त्याच्या दोन वर्षं आधीच सुटलं होतं. पाठीनं घात केला होता.

"आणि माय?"

माय दुसऱ्याच्या निंदणाला जायची. बाईची रोजी तेव्हा शंभर रुपये, पुरुषाची दोनशे. जुलैपासून निंदण, ऑक्टोबरपासून वेचणी, ती किलोवर. भरात असताना दिवसाला चाळीस किलोही वेचायची, बोटांची कातडी बोंडाच्या टोकांनी फाटलेली असायची. जानेवारीत तूर सोंगणी, मग हरभरा. आम्ही महिने मांडले, दिवस मांडले, सणावाराचे खाडे वजा केले. सव्वीस-सत्तावीस हजार झाले.

"अन् मॅडम," तो म्हणाला, "आमच्या वावरातलं निंदण, वेचणं, तेही मायच करे. रविवारी."

त्या कामाची रोजी आम्ही कुठंच मांडली नव्हती. ती मांडली असती तर ते चार-पाच हजारही उरले नसते. बाबांचं कास्तकार असणं त्या न मांडलेल्या रविवारांवर उभं होतं.

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे माय." शाळेच्या अर्जात मीच त्याच्या वडिलांच्या नावापुढे शेती लिहिलं होतं, मायचा रकाना नव्हता, म्हणून मी विचारलंही नव्हतं. हे मी त्याला त्या फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तुमी काय कराल मॅडम." पण मी करू शकले असते. समासात लिहायला कोणी मना केलं होतं?

त्यानं शेतमजूर असलेला पर्याय निवडला, मायच्या नावानं.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरी फोन करून मायला हे सांगितलं. ती आधी घाबरलीच. "पगार नाही ना कापत त्याच्यानं?" असं तिनं दोनदा विचारलं म्हणे.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी मंगळवारच्या बाजारात ती मला भेटली. भाजीच्या पालासमोर, हातात पिशवी, कामावरूनच आलेली, पायांना काळी माती वाळलेली. पोरगा नोकरीला लागला तरी तिनं काम सोडलेलं नाही. मला पाहून थांबली.

"मॅडम, त्यानं तिकडं माह्यं लिवलं म्हणते."

"हो. घरात सर्वांत जास्त कोण कमावतं, असा प्रश्न होता."

"मंग त्याच्या बाबाचं?"

"एकाचंच लिहायचं होतं."

ती थोडा वेळ वांग्यांकडे पाहत राहिली. मला वाटलं ती खूश असेल, निदान थोडी. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. म्हणाली, "पैसे मी आणले, हे खरं हाय जी. पण वावर त्याइच्या नावावर होतं म्हणून मले दुकानातून किराणा उधार भेटे. नुसत्या मजुराले कोण देते? सहा-सहा महिने त्या उधारीवर खाल्लं आमी. शाळेच्या ड्रेसचं कापडही तसंच आणलं होतं." मग जरा जवळ येऊन, "फॉर्म बदलता येते का तो? दोघाइचं लिवाले लावा त्याले."

मी म्हटलं, विचारून पाहते. तिनं अर्धा किलो वांगी तोलून घेतली, पदराच्या गाठीतले पैसे सोडले, मोजून दिले, आणि ऑटो निघायच्या आत गाठायचा म्हणून घाईनं गेली.